नायकी सीटीआर३६० माएस्त्री : इनिएस्टाचा बूट आज घ्यावा का?

स्पेनच्या मधल्या फळीतला फुटबॉलपटू आंद्रेस इनिएस्टा याच्या खेळाला शोभेल असा बूट कोणता, तर नायकीचा सीटीआर३६० माएस्त्री. २००९ मध्ये तो आला, त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि २०१४ मध्ये नायकीच्याच मॅजिस्टा या बुटाने त्याची जागा घेतली. जुन्या जोड्यांना मात्र अजून गिऱ्हाईक आहे. ११ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, फुटबॉल विश्वचषकाची स्पेन-नेदरलँड्स अंतिम लढत, ११६वं मिनिट: पास देणारा स्पेनचा फॅब्रेगास आणि गोल मारणारा इनिएस्टा, दोघांच्याही पायांत सीटीआर होता. कंपनीच्या जाहिरात खात्याला आणखी काय हवं!

तो गोल एकदा सावकाश बघा. इनिएस्टाने उजव्या पायावर घेतलेला चेंडू किंचित उडाला. त्याने तो खाली येऊ दिला आणि उजव्याच पायाने तिरका हाणला. नेदरलँड्सचा गोलरक्षक स्टेकेलेनबर्ग याचा हात लागूनही चेंडू आत गेला. पहिल्याच स्पर्शाला चेंडू पायाशी मेला असता, तर फटक्याला उंचीच मिळाली नसती. नेदरलँड्सचा व्हॅन डर व्हार्ट तर अंगावर येतच होता. त्यामुळे ‘या बुटाला चेंडू चिकटतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

या बुटात काय आहे ते पाहू. वरचा भाग कांगा-लाइट नावाच्या कृत्रिम कातड्याचा आहे. कांगारूच्या कातड्यासारखा मऊ, पण पाणी कमी पिणारा. लेस मधोमध नसून बाहेरच्या अंगाला सरकवलेली आहे, त्यामुळे पायाची आतली बाजू मोकळी राहते. तिथे चवड्याजवळ रबराच्या उंचवट्यांचा पट्टा आहे, चेंडू झेलायला. त्याच्या मागे फोमची मऊ गादी, पास ढकलायला. ही मांडणी इनिएस्टाच्या खेळाला अगदी जुळते. त्याचा ठेवणीतला डाव म्हणजे ‘ला क्रोकेता’: उजव्या पायाच्या आतल्या बाजूने चेंडू डाव्याकडे, डाव्याच्या आतल्या बाजूने पुढे, आणि दोन खेळाडूंच्या मधून पसार. बार्सिलोनाचा जुना खेळाडू मायकेल लाउड्रुप याच्याकडून क्लबात आलेली ही चाल इनिएस्टाने घरची केली. यात जोर लागत नाही, लागतो तो पायाच्या आतल्या चार बोटं जागेवरचा ताबा. रबराचा खरा फायदा ओल्या चेंडूवर जाणवतो. कोरड्या मैदानात फरक थोडाच.

आता बूट कुणासाठी, तेही बघा. इनिएस्टाने बार्सिलोनासाठी ६७४ सामन्यांत ५७ गोल केले, स्पेनसाठी १३१ सामन्यांत पंधराहूनही कमी. म्हणजे त्याचं मुख्य काम गोल मारणं नव्हतंच. फुएन्तेआल्बिया या छोट्या गावातून १९९६ मध्ये, बारा वर्षांचा असताना, तो बार्सिलोनाच्या ला मासिया या प्रशिक्षण केंद्रात आला. तिथे पोरांना आधी चेंडू घ्यायला आणि सोडायला शिकवतात. हा बूट त्याच कामाचा आहे. लांबून फटके मारणाऱ्याला किंवा विंगवर धावणाऱ्याला तो बोथट वाटेल: आतल्या बाजूला जाडी जास्त, आणि नेमकी तिथूनच चेंडूची जाणीव थोडी कमी होते. मधल्या फळीत खेळणाऱ्याने जरूर विचार करावा.

पण जुनी जोडी विकत घेताना सावध. सगळ्यात नवी आवृत्तीसुद्धा दहा वर्षांहून जुनी आहे आणि डब्यात पडून राहिलेला बूटही म्हातारा होतोच. उष्ण, दमट हवेत सोलचा गोंद सुटतो आणि फोम भुगा होतो. मुंबई-कोकणात ठेवलेली जोडी तर आणखी लवकर जाते. हातात घेतल्यावर चवडा दोन्ही हातांनी वाकवा आणि सोल व कातडं यांच्या सांध्यात फट पडते का पाहा. स्टडच्या, म्हणजे सोलखालच्या खुंट्यांच्या, बुडाशी पांढरे ओरखडे असतील तर प्लास्टिक तडकायच्या बेतात आहे. रबराच्या पट्ट्यावर नख फिरवा. चिकट लागला तर परत करा. फोटो बघून सौदा करत असाल तर विक्रेत्याकडून बूट वाकवल्याचा व्हिडिओ मागा.

सोल सुटलाच तर मोच्याचं नेहमीचं पिवळं सोल्यूशन या प्लास्टिकवर टिकत नाही. जुना गोंद पूर्ण खरवडून, दोन्ही बाजू पॉलिशपेपरने घासून पॉलियुरेथेन गोंद लावावा लागतो आणि किमान एक दिवस शिकंज्यात दाबून ठेवावा लागतो. एवढं करूनही सरावापुरताच भरवसा.

नावांचा घोळ लक्षात ठेवा. माएस्त्री सर्वात वरचा, त्याखाली त्रेक्वार्तिस्ता, त्याखाली लिब्रेत्तो. रंग सारखे असल्याने लिब्रेत्तो माएस्त्रीच्या भावात खपवला जातो. कातडं दाबून बघितलं की कडकपणा लगेच कळतो. २०१०च्या विश्वचषकातला जांभळा-नारिंगी ‘एलिट’ वेगळाच: कार्बन फायबरचा सोल, वजन कमी. संग्रहाला उत्तम. मुरमाच्या मैदानावर मात्र यातला कुठलाच घालू नका. हे स्टड खऱ्या गवताच्या मैदानासाठी आहेत. कडक जमिनीत ते रुततच नाहीत, सगळा दाब तळव्यावर येतो आणि टाच दुखायला लागते. कृत्रिम टर्फवर उलटा त्रास: स्टड अडकतो, पाय वळतो आणि गुडघा जायची भीती. तिथे टर्फचेच बूट हवेत.

माप घेताना नंबरावर जाऊ नका, जिभेवरच्या लेबलवरचे सेंटिमीटर बघा. कृत्रिम कातडं खऱ्या कातड्याइतकं सैल होत नाही, त्यामुळे ‘घालून घालून होईल’ हा हिशोब इथे चालत नाही. आपल्याकडचे बरेच पाय चवड्याला रुंद असतात. करंगळी आजच दबत असेल तर जोडी सोडा.

मॅजिस्टा जुना मिळाला तर? त्याच्या ‘ओब्रा’ प्रकारात विणलेलं कापड आणि घोट्यापर्यंतची कॉलर, पायात घालायलाच कटकट. इनिएस्टाने मॅजिस्टाही वापरला, आणि २०१८ मध्ये जपानच्या व्हिसेल कोबे क्लबला गेल्यावर आसिक्सचे बूट घातले; कोबे हे त्या कंपनीचं गावच. माझं मत विचाराल तर खेळायला आजचा साधा, मऊ कातड्याचा बूट घ्या. माएस्त्री घ्यायचाच असेल तर दुसरी किंवा तिसरी आवृत्ती, न वापरलेली, सोल तपासून. आणि ओला झाला तर उन्हात न ठेवता आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा.