लाकडावरचा फायर पिट घेताय? आधी हे वाचा
कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला घर घेतलं तेव्हाच ठरवलेलं की थंडीत मागच्या अंगणात शेकोटी पाहिजेच, म्हणून लाकडावरचा फायर पिट आणला. वस्तू चांगलीये, पत्रा जाड, कणसं तर मस्तच भाजतात, पण वरची जाळी दोन महिन्यात गंजली आणि बॉक्सवर नियमांबद्दल एक अक्षर नाही. आमच्या बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा भाग) हवेतल्या बारीक कणांमुळे ‘स्पेअर द एअर’ अलर्ट, म्हणजे हवा खराब असल्याचा इशारा, लागला की लाकूड पेटवायला बंदी, घरात काय नि अंगणात काय, २०१९ पासून बाराही महिने. पहिल्यांदा सापडलात तर १०० डॉलर दंड नाहीतर धुरावरचा कोर्स, पुढच्या वेळी ५००. आमच्याकडे नेमका पाहुणे बोलावलेल्या दिवशीच अलर्ट! सासूबाईंनी भरताची वांगी तेल लावून तयार ठेवलेली, शेवटी गॅसवर भाजली. प्रोपेन गॅसवरच्या फायर पिटला ही बंदी नाही, तोच घ्यायला हवा होता. तीन स्टार.