जुन्या सायकलच्या फ्रेमला पावडर कोटिंग की पीयू?

अ‍ॅटलस, हर्क्युलिस, रॅले, फिलिप्स. जिन्याखाली उभी राहून गंजलेली यातली कुठलीही सायकल पुन्हा रंगवायची ठरली की प्रश्न शेवटी दोन वाटांवर येऊन थांबतो: पावडर कोटिंग (कोरडी रंगपूड फवारून भट्टीत वितळवणं) करून आणायचं, की हार्डनर म्हणजे रंग कडक करणारा दुसरा घटक मिसळून लावायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारून घ्यायचा. स्प्रे कॅन आणि ब्रशने ऑइलपेंट याही वाटा आहेत, त्या पुढे ओघात येतील. फ्रेम मोकळी कशी करायची, उजवा बीबी कप (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलच्या आसाची बैठक) उलट्या आट्यांचा असतो, क्रँक अडकवणाऱ्या कॉटर पिनवर थेट हातोडी घालायची नसते, हे माहीत आहे असं धरून चालतो.

कुठल्याही वाटेवर पैसे घालण्याआधी फ्रेम त्या लायकीची आहे का ते बघा. पाणी साठतं ते बीबी शेलच्या तळाशी, सीटच्या नळीच्या बुडाशी आणि चेन-स्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन नळ्या) शेलला मिळतात तिथे. पान्ह्याच्या दांड्याने हलकं ठोकून पाहावं. चांगली नळी खणखणते, आतून सडलेली बद्द वाजते. संशय आला तर आरी दाबून बघावी. ती आत गेली तर काम वेल्डरचं आहे, रंगाऱ्याचं नाही.

पावडर कोटिंगची सोय मोठी आहे, हे मान्य. साकीनाका, अंधेरीची एमआयडीसी, वसई, भिवंडी या पट्ट्यातल्या एखाद्या गाळ्यात फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) टाकायचा, जुना रंग काढण्यापासून भट्टीतून बाहेर येईपर्यंत सगळं तेच करतात. घरात धूळ नाही, वास नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. पावडर १८० ते २०० अंशांवर वितळून जमते आणि थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा बसतो. ब्रेझिंगच्या (पितळ वितळवून जोडलेल्या) सांध्यांना या तापमानाने काही होत नाही. नवा असताना हा थर पीयूपेक्षा जास्त मार खातो, यातही वाद नाही. खर्चही बहुधा कमीच येतो.

पण गाळ्यात फ्रेम देताना काय काय सांगावं लागतं, ते पाहा. पहिली गोष्ट, रंग काढणार कसा? ब्लास्टिंगने, म्हणजे दाबाने वाळूसारखे दाणे मारून, काढणार असतील तर ठीक. जाड नळ्यांच्या साध्या रोडस्टर सायकलला ते सहज चालतं. रेनॉल्ड्स ५३१ सारखी पातळ नळी असेल तर मात्र बारीक दाणा आणि कमी दाब, हे बजावून सांगावं. अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवणार असतील तर मी दोनदा विचार करेन. स्टे आणि चिमट्याच्या नळ्यांना बारीक भोकं असतात. ब्रेझिंग करताना आतली हवा बाहेर जावी म्हणून ती ठेवलेली असतात. त्या भोकांतून अ‍ॅसिड आत शिरतं आणि नंतरच्या धुण्यात पूर्ण निघत नाही. भट्टीत त्याची वाफ होऊन भोकाभोवती फोड किंवा टाचणीएवढी छिद्रं उठतात. तसं नाही झालं तर काही दिवसांनी नव्या रंगावर त्याच भोकातून तपकिरी ओघळ उतरतो.

दुसरी गोष्ट, पावडर कोणती? अशा बऱ्याच गाळ्यांचं नेहमीचं काम म्हणजे कपाटं, रॅक, खुर्च्या. त्यासाठी एपॉक्सी आणि पॉलिस्टरची मिश्र पावडर वापरतात. ती उन्हात खडूसारखी पांढुरकी पडते. बाहेर उभ्या राहणाऱ्या सायकलला प्युअर पॉलिस्टरच हवी, आणि जमलं तर तिच्याखाली एपॉक्सी किंवा झिंकच्या प्रायमर पावडरचा थर. एका फ्रेमसाठी दोनदा भट्टी पेटवायला सगळे तयार होत नाहीत. रंगाचंही तसंच. एका फ्रेमसाठी कुणी गन धुवत बसत नाही, त्या दिवशी जो रंग चालू असेल तो घ्यावा लागतो. काळा हवा असेल तर नशीब चांगलं.

तिसरी गोष्ट झाकाझाकीची. बीबी शेलचे आटे, हँडलच्या नळीत कप बसतात त्या दोन्ही तोंडांच्या आतल्या कडा, सीटच्या नळीचा आतला भाग आणि ड्रॉपआउटच्या (चाकाचा आस बसतो त्या खाचांच्या) दोन्ही बाजू तापमान सोसणाऱ्या टेपने किंवा सिलिकॉनच्या बुचांनी झाकून घ्याव्यात. नाहीतर आट्यांत जमलेली पावडर मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून काढावी लागते. ड्रॉपआउटवर जाड थर राहिला तर चाकाच्या नटाखाली तो हळूहळू दबतो, नट सैल होतो आणि जोर मारताना चाक तिरकं सरकतं. पुढचा पितळी बिल्ला आधी काढून ठेवावा. कपांच्या जागेत जुनं ग्रीस अजिबात राहू देऊ नये. भट्टीत ते पाघळतं आणि आसपास पावडर धरत नाही. फ्रेमवर आधी कुणी लांबी भरलेली असेल तर तीही काढून टाकावी, कारण साधी पॉलिस्टर लांबी ही उष्णता झेलत नाही. याचा अर्थ असा की गंजाचे खड्डे जसेच्या तसे दिसणार.

एवढं सगळं सांभाळता येतं. माझा कल जिथे बदलला ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती रंगवताना नाही, वापरताना समोर येते.

मुंबईत सायकल किती वेळा कशावर तरी आपटते ते मोजून पाहा. गेटच्या ग्रिलला साखळीने बांधलेली, शेजारच्या स्कूटरच्या आरशाला टेकलेली, जिन्यावरून खांद्यावर उचललेली. त्यात स्टँड, कॅरियर, डायनॅमोची पकड, साडीगार्ड, या प्रत्येकाची पट्टी नळीला आवळून बसते आणि रंगात रुतते. पावडरचा थर जाड आणि सलग असतो. तो एका जागी फुटला की खारट दमट पाणी त्या चिरेतून आत शिरतं आणि थराखाली आडवं पसरतं. वरून सगळं चकाचक. मग एक दिवस नखाने खपली उचलावी तशी बोटभर पट्टी उचलली जाते आणि खाली लाल भुकटी. मी पाहिलेल्या पावडरच्या फ्रेम बहुतेक कॅरियरच्या पकडीपासून किंवा चेन-स्टेवर स्टँड आवळतात तिथून गेल्या.

याला एक तांत्रिक कारणही आहे. पावडर विजेच्या भाराने चिकटते, आणि आतल्या कोपऱ्यांत तो भार नीट पोचत नाही. चेन-स्टेच्या बेचक्यात, चिमट्याच्या डोक्याखाली, सीटच्या सांध्यामागे थर पातळ राहतो. उलट धारदार कडांवरून वितळलेली पावडर मागे सरकते, म्हणजे लगच्या (सांध्यावर नळ्या बसतात त्या खोबणींच्या) कडा आणि ड्रॉपआउटच्या धारा उघड्या पडतात. गंज नेमका याच जागांपासून सुरू होतो.

हेही चाललं असतं, दुरुस्ती करता आली असती तर. पण पावडरची खपली भरून काढायला पावडर लावता येत नाही, आणि वरून लावलेला रंग वेगळ्या छटेचा, वेगळ्या जाडीचा ठिपका होऊन बसतो. थर पुन्हा पूर्ण काढायचा म्हटलं तर बाजारातला साधा पेंट रिमूव्हर त्याला फारसं काही करत नाही, पुन्हा ब्लास्टिंगच. म्हणजे एका पकडीखालच्या गंजासाठी सगळी सायकल परत मोकळी करायची. माझ्यासाठी हिशोब इथे संपला. ज्यांची सायकल घरात भिंतीवर टांगलेली असते त्यांना हे कदाचित जाणवणारही नाही.

आता पीयू. माझ्या मते यातली बरी वाटणी अशी: रंग आणि गंज घरी काढायचा, रंग मारायला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे द्यायचा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना धोकादायक आहे आणि कापडी मास्कने ते अडत नाही. गॅलरीत हे काम करू नये, सोसायटीच्या गच्चीवरही पूर्ण मास्क आणि मोकळी हवा असल्याशिवाय करू नये.

रंग काढताना कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं आहे असं धरूनच चालावं. आपल्याकडे शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, आणि तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरतीच. आधी केरोसीनने ग्रीस, मग साबणाच्या पाण्याने सगळं धुऊन घ्यावं. रिमूव्हर जाड थापून वर प्लास्टिक गुंडाळावं, नाहीतर तो काम करण्याआधीच वाळतो. पंधरा-वीस मिनिटांनी बोथट पट्टीने खरवडावं. मूळ भट्टीचा रंग चिवट असतो, दोन-तीन हात लागतात. उरलेल्यासाठी नळीभोवती एक इंच रुंद एमरी कापडाची पट्टी टाकून, चांभार बूट चमकवतो तशी दोन्ही टोकं ओढावीत. पाण्याचा शिडकावा चालू ठेवून ८०, मग १२०, मग १८० नंबर. ड्रिलला लावायचा वायर ब्रश नागदेवीत (मुंबईचा हत्यारांचा बाजार) सहज मिळतो, पण त्याच्यावर विसंबू नका. तो गंजालाच चकाकी आणतो. नीट पाहिलं तर खड्ड्यांत काळे ठिपके तसेच असतात.

त्या ठिपक्यांसाठी फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा रस्ट रिमूव्हर वापरावा. मात्र एपॉक्सी प्रायमरखाली त्याचा अंश राहता कामा नये. अ‍ॅसिड एपॉक्सीच्या हार्डनरला मारतं, प्रायमर चिकट राहतो आणि महिन्याभरात सालासारखा निघतो. रस्ट कन्व्हर्टर लावून काळं झालं की झालं, असं समजणाऱ्यांचा रंग निघतो तो बहुतेक यामुळेच. भरपूर पाण्याने धुवा, लगेच हेअर ड्रायरने वाळवा, १८० ने पुन्हा एकदा घासा. मुंबईच्या हवेत उघडं पोलाद काही तासांत पिवळं पडतं. म्हणून शेवटचं घासणं आणि प्रायमर एकाच दिवशी यायला हवेत. तसं जमणार नसेल तर एपॉक्सी प्रायमरचा पहिला हात घरीच ब्रशने द्यावा. त्यात आयसोसायनेट नसतं, पण हातमोजे आणि हवा खेळती हवीच. फ्रेम आणि चिमट्याला दोन हातांसाठी मिसळलेला १५० ते २०० मिली प्रायमर पुरतो. मिसळल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ थांबावं, लगेच लावू नये.

गॅरेजवाल्याला स्पष्ट सांगावं लागतं: एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमर नको, एनसी लांबीही नको. त्यांच्या हाताला त्याची सवय असते, कारण ती लवकर वाळते. पण ती पाणी पिते. खड्ड्यांत पॉलिस्टर लांबी भरायची ती एपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही. ३२० ने कोरडं, उघड्या पडलेल्या जागी पुन्हा प्रायमर, ४०० वॉटर पेपर, मग रंग. मिसळलेला २५० ते ३०० मिली पीयू पुरेसा होतो. पहिला हात अगदी हलका, त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन भरीव हात. गन आधी कोपऱ्यांत आणि सांध्यांमागे फिरवायला सांगा, सपाट नळ्या आपोआप झाकल्या जातात. नवशिका उलटं करतो आणि ओघळ आणतो. एखाद्या गाडीचाच कलर कोड निवडला तर ते त्याच दिवशी गाडीच्या पत्र्याबरोबर तुमची फ्रेम मारून देतात, आणि पुढे तोच रंग कधीही परत मिळतो. हार्डनर न मिसळलेला ५० मिली रंग काचेच्या बाटलीत गच्च बुच लावून जवळ ठेवावा.

तीच बाटली पुढची काही वर्षं उपयोगी पडते. खपली गेली की ४०० ने घासायचं, काडीच्या टोकाने एपॉक्सी, दुसऱ्या दिवशी हार्डनरचे थेंब मिसळून रंग. पकड न काढताही जमतं. ठिपका जवळून दिसतो, पण खालचा गंज तिथेच थांबतो.

दोष पीयूलाही आहेत. काम हप्ताभर चालतं, गॅरेजवाला तुमची फ्रेम गाड्यांच्या मागे ढकलत राहतो आणि थर पावडरपेक्षा पातळ असतो. पावसाळ्यात तर नकोच. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की हार्डनर हवेतल्या पाण्याशीच भिडतो आणि पृष्ठभागावर बारीक बुडबुडे येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले.

स्प्रे कॅनचं थोडक्यात: साधा अ‍ॅक्रिलिक क्लिअर (वरचा पारदर्शक थर) केरोसीनच्या चिंधीने मऊ पडतो, आणि सायकलची चेन आपण त्यानेच पुसतो. रेड ऑक्साईडवर ब्रशने ऑइलपेंट ही डबेवाल्यांच्या, पाववाल्यांच्या सायकलींवर दिसणारी रीत मात्र कमी लेखू नये. दिसायला ओबडधोबड, पण दरवर्षी पावसाआधी एक हात मारला की सायकल टिकते. पावडर मी सुचवेन ती लग नसलेल्या, जाड नळ्यांच्या, एकरंगी चालणाऱ्या फ्रेमला. तीही पकडी कमी असतील आणि गाळा ब्लास्टिंग करणारा असेल तरच.

पीयू किंवा ऑइलपेंट असेल तर जोडणी किमान आठवडाभराने करावी. कॅरियर आणि स्टँडच्या पट्टीखाली जुन्या ट्यूबचं रबर घालायची पद्धत आहे, पण ते पाणी धरून ठेवतं. त्यापेक्षा ग्रीसचा पातळ हात बरा. जोडणीआधी नळ्यांच्या आत डबल बॉइल्ड जवसाचं तेल ओतावं, पावडर असेल तर भट्टीनंतरच. फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवून जादा तेल निथळू द्यावं आणि दोन-तीन दिवस वाळू द्यावं. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.