सिलिकॉन की पोटाची चरबी? माझं काखेतल्या गाठीने ठरवलं

ब्रेस्ट काढल्यावर इम्प्लांट (सिलिकॉनची पिशवी) घालू की फ्लॅप (पोटाची चरबी-कातडी लावून ब्रेस्ट बनवणं) करू असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय, दोन्हीतून गेलेय म्हणून. दिसायला कोणतं छान ते सर्जन फोटो दाखवून सांगतातच, ते सोडते.

आधी इम्प्लांटच्या बाजूने, उगाच बदनामी नको. ऑपरेशन छोटं, तिसऱ्या दिवशी घरी, पोटाला हात नाही, आणि ब्लाऊज इतका नीट बसायचा की सासूबाईसुद्धा विचारायच्या, कोणत्या बाजूचं गं होतं तुझं? पहिली ६ वर्षं तक्रार शून्य.

मग एकदा केस बांधताना काखेत वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईचं तेव्हा काय होतं ते लिहीत बसत नाही. सोनोग्राफीत स्क्रीनवर नुसतं पांढरं पांढरं, पूर्वी अँटेना हलला की दूरदर्शनवर मुंग्या यायच्या ना, अगदी तसं. डॉक्टर म्हणाल्या याला स्नोस्टॉर्म म्हणतात, बहुतेक सिलिकॉनच आहे, पण तुमची हिस्टरी बघता सुई घातल्याशिवाय सोडणार नाही. बरोबरच होतं त्यांचं. रिपोर्टला ४ दिवस लागले, तेवढ्यात मी बँकेतले सगळे नॉमिनी तपासून घेतले.

कॅन्सर नव्हता, पेशींमध्ये सिलिकॉनचे थेंब होते. एमआरआय केला तर इम्प्लांट फाटलेलं, आणि बाहेरून आकार जसाच्या तसा! आतलं सिलिकॉनचं जेल घट्ट असतं, फाटलं तरी बरंचसं जागेवरच राहतं, न फाटताही कवचातून अगदी थोडं पाझरतं, आणि अंगातल्या सफाईवाल्या पेशी ते उचलून काखेतल्या नोडमध्ये, म्हणजे लसिकाग्रंथीत, नेऊन टाकतात. म्हणून तर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये सांगितलंय की त्रास नसला तरी ५-६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करा, मग दर २-३ वर्षांनी. मी आपली दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी इमानेइतबारे करत बसले होते, या बाजूकडे कोणी बघितलंच नाही.

आता म्हणाल, गाठ साधी आहे, त्रास नसेल तर बहुतेक वेळा काढतही नाहीत, मग अडलं कुठे? तर ती दर तपासणीत नव्याने संशयित होते. पेट स्कॅनमध्येही (साखर जास्त ओढणाऱ्या जागा दाखवतो तो) चमकते, कारण सिलिकॉनभोवती सूज असते आणि सूजही कॅन्सरसारखीच साखर ओढते. रेडिओलॉजिस्ट नवा असला की रिपोर्टमध्ये ‘मेटास्टेसिस नाकारता येत नाही’, म्हणजे कॅन्सर पसरला असू शकतो, मग मी पिशवीतून जुने कागद काढणार, ते वाचणार, तरी एकदा सुई घालूच म्हणणार. तिसऱ्यांदा हे झालं तेव्हा पार्किंगमध्येच नवऱ्याला म्हटलं, बास, मला हे इम्प्लांट अंगात नको.

फ्लॅप म्हणजे सोपं काम नाही हां. माझा डीप फ्लॅप, स्नायू न घेता पोटाची कातडी आणि चरबी, ९ तास टेबलवर, पहिल्या रात्री सिस्टर दर तासाला डॉपलर लावून रक्त वाहतंय का ऐकायची, झोप कसली! कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण, ३ आठवडे वाकून चालणं, खर्च जास्त, आणि मायक्रोसर्जन सगळ्या गावांत नसतात. बारीक बाईच्या पोटावर द्यायला काही नसतंच, सिगारेटवाल्यांनाही बहुतेक नको म्हणतात. शिवाय चरबीच्याही गाठी होतात, मला एक झाली, तिचीही तपासणी झाली. पण ती लहान होत गेली आणि विषय संपला.

सलाईनवालं, म्हणजे मिठाच्या पाण्याचं इम्प्लांट, फुटलं तर बसतं, आरशातच कळतं, पाणी शरीर शोषून घेतं. पण कवच सिलिकॉनचंच, आणि मला ते हाताला पाण्याच्या पिशवीसारखं लागलं.

तुमचं वेगळं असू शकतं. मोठं ऑपरेशन झेपणार नसेल तर इम्प्लांट घ्या की, फक्त त्याचं कार्ड जपा आणि पाचव्या वर्षाचा रिमाइंडर आजच लावा. रेडिएशन ठरलं असेल तर मात्र नीट विचारा, इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण बनवतं ते कडक होण्याचा धोका वाढतो.

माझी काखेतली गाठ अजून तिथेच आहे, इम्प्लांट काढलं म्हणून ती जात नाही. फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय, ‘डावी काख: सिलिकॉन. आधी मागचे रिपोर्ट बघा.’