दुबई की बर्लिन: मोकळीक कुठे जास्त?

भाचीला दोन्हीकडून नोकरी चालून आलीय. तिचा प्रश्न एकच: मोकळं कुठे जगता येईल?

पैशात दुबई पुढे. पगारावर आयकर नाही, मुंबई विमानाने तीन-साडेतीन तासांवर. लग्नाशिवाय एकत्र राहणं २०२० पासून गुन्हा उरलेलं नाही. पण व्हिसा बहुधा नोकरीला बांधलेला. ती गेली की मुक्कामच धोक्यात. सरकारवर उघड टीका तर विसराच.

बर्लिनमध्ये कर आणि विमा कापून पगार बराच आटतो, घर शोधताना दमछाक होते. मात्र ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना असलेल्यांना बी-१, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन आलं, तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. मग नोकरी बदला, मोर्चात जा. मला हेच फार मोलाचं वाटतं.

चार-पाच वर्षांत कर्ज फेडून परतायचं असेल तर दुबई. आपल्या मतांसकट रुजायचं असेल, तर आजच जर्मनच्या वर्गात नाव घाल.