मेमरी फोमची गादी: तिन्ही ऋतू काढल्यावर

गादी 8 इंची, पण मेमरी फोम, म्हणजे दाबला की रुतणारा आणि सोडला की हळूहळू भरून येणारा फोम, फक्त वरचे 2 इंच. खाली साधा कडक फोम. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, कव्हरची चेन उघडून बघावं लागतं.

आधी चांगलं. कुशीवर झोपलं की खांदा बेताने रुततो, कंबर अधांतरी राहत नाही. बायको रात्री उठली तरी मला पत्ता लागत नाही.

1966 साली चार्ल्स योस्ट यांनी नासासाठी, विमानातल्या सीटकरिता हा फोम बनवला, ते जाहिरातीत ठळक असतं. तो हवामानाप्रमाणे बदलतो हे नसतं. आमच्या नाशिकला मे महिन्यात पंजाचा ठसा उमटतो न उमटतो तोच भरून यायचा आणि फोम इतका मऊ पडायचा की अंग रुतून कूस बदलायला जोर लावावा लागायचा. जानेवारीत पहाटे तीच गादी पाटासारखी. ठसा रेंगाळतो, अंगाची ऊब लागली की मग कुठे नरमते.

खरी तक्रार खड्ड्याची. गादीवर सरळ पट्टी आडवी टेकवून खालची फट मोजली. सकाळी उठल्या उठल्या 22 मिमी, संध्याकाळी 12. म्हणजे रात्रीचा दाब दिवसभरात थोडाफार विसरला जातो, उरलेले 12 मिमी मात्र मुक्कामाला आलेत. रोज तेच वजन, तीच जागा, त्यात ऊब आणि घाम. फोमचे रेणू सरकून नव्या जागी बसतात, पोकळ्यांच्या बारीक कडा मोडतात. कंपनीला फोटो पाठवला. उत्तर आलं, 25 मिमीपर्यंत 'नॉर्मल', तोही गादी रिकामी ठेवून मोजलेला. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात आहे म्हणे!

उलटी करून उपयोग नाही, मेमरी फोम एकाच बाजूला. मी डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवत असतो, त्याने झीज वाटली जाते. उन्हात घालू नका, फोम पिवळा पडून भुगा होतो. आईने सवयीने गच्चीवर न्यायला काढलीच होती. कापसाची गादी पिंजून परत भरून मिळते, इथे ती सोय नाही.

घेताना घनता विचाराच, शिवाय 'कॉम्प्रेशन सेट'चा आकडाही मागा. त्या चाचणीत फोमचा तुकडा दाबून 70 अंश सेल्सिअसला 22 तास ठेवतात, मग सोडून अर्ध्या तासाने किती कमी उठला ते मोजतात. आकडा जितका लहान तितकं बरं. माझ्या दुकानदाराने हा शब्दच ऐकला नव्हता. किमतीच्या मानाने पाचपैकी तीन.