कॅल-मॅगची (झाडांच्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची) बाटली: पाचापैकी तीन तारे, आणि त्यातला एक माझ्याच मूर्खपणाला

इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी पाणी दोन ठिकाणांहून येतं. एक दिवसाआड नर्मदा, एरवी बोअरिंग. दोन्ही पडतात एकाच टाकीत. त्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही आणि ऑर्किडच्या पानांवर पांढरे ठिपके पडतात. डाळीचं मी मनावर घेतलं नाही, पण ठिपके काही बघवेनात. म्हणून दोन वर्षांपूर्वी अकराही कुंड्यांना आरओचं पाणी सुरू केलं. पानं अशी चकचकीत झाली की येणारा-जाणारा हात लावून बघायचा.

वर्षभराने फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडची खालची पानं शिरांच्या मधल्या जागेत पिवळी पडायला लागली. दोन झाडांची तर नवी पानं उलगडायच्या आधीच टोकाला काळी. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, तुझ्या खतात कॅल्शियम-मॅग्नेशियम आहे का, बघ बरं." पुडा काढून चष्मा लावून पाहिलं. १९:१९:१९. म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश, संपलं. मॅग्नेशियम कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून आधी म्हातारी पानं पिवळी. कॅल्शियम मात्र एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, त्यामुळे त्याच्या टंचाईचा फटका थेट कोवळ्या पानाला. माझ्या झाडांवर दोन्ही दिसत होतं. भरीला माझ्या कुंड्यांत नारळाच्या सालीचे तुकडे. ते नीट भिजवून-धुवून घेतले नाहीत, तर आलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःच धरून ठेवतात.

म्हणून ऑनलाइन ही बाटली मागवली. ५०० मिली, ५४९ रुपये. लेबलवर कॅल्शियम ३ टक्के, मॅग्नेशियम १ टक्का, लिटरला १ मिली टाका. म्हणजे लिटरमागे साधारण ३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १० मिलिग्रॅम मॅग्नेशियम. ऑर्किडला एवढं सोसतं, मात्रेबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार झाकणाबद्दल आहे. त्यावर मापाची एकही खूण नाही. शेवटी नातवाच्या तापाच्या औषधाची पिचकारी धुऊन घेतली. आणि सूचना मुंगीच्या अक्षरात इंग्रजीत, त्यातही महत्त्वाची गोष्ट गाळलेली. पहिल्याच रविवारी मी शहाणपणा करून अर्ध्या मगात १९:१९:१९ आणि हे औषध एकदम कालवलं, म्हटलं नंतर बादलीत ओतू. मगात ताक झालं! कॅल्शियम आणि खतातलं स्फुरद दाट अवस्थेत भेटले की त्यांचा न विरघळणारा साका होतो, मग झाडाला ना हे मिळत ना ते. आता एका रविवारी खत, दुसऱ्या रविवारी बाटली, आणि महिन्यातून एकदा नुसतं पाणी भरपूर ओतून कुंड्या धुऊन काढते.

गुण आला का? आला. जूनमध्ये सुरू केलं, ऑगस्टपर्यंत आलेली सगळी नवी पानं टोकापर्यंत हिरवी. जुनी पिवळी पानं मात्र पिवळीच राहिली, ती पुन्हा हिरवी होतील या आशेवर कोणी बाटली घेऊ नये. डेंड्रोबियम या दुसऱ्या जातीच्या ऑर्किडमध्ये मला काहीच फरक दिसला नाही, पण ते मुळात ठणठणीत होतं.

बाटली अर्धी झाल्यावर मी छावणीतल्या एका खत-बियाण्याच्या दुकानात गेले. बाटलीऐवजी कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट मागितलं तर दुकानदार म्हणाला, "आंटीजी, ये तो टमाटर वाले ले जाते हैं, आपके कितने बीघा हैं?" म्हटलं, अकरा कुंड्या. तो हसला, पण एकेक किलोचे पुडे दिले, दोन्ही मिळून दोनशेच्या आत. कॅल्शियम नायट्रेटमध्ये साधारण १९ टक्के कॅल्शियम (वर १५.५ टक्के नत्र, तेव्हा त्या आठवड्यात वेगळं खत नको) आणि मॅग्नेशियम सल्फेटमध्ये ९.६ टक्के मॅग्नेशियम. पाच लिटर पाण्याला पहिलं पाऊण ग्रॅमच्या आसपास आणि दुसरं अर्धा ग्रॅम टाकलं की बाटलीएवढाच हिशेब जुळतो. फक्त सोनाराकडे असतो तसा छोटा काटा हवा. दोन्ही पुड्यांचं दाट पाणी एकत्र करून ठेवू नका, तळाशी जिप्सम बसतं. आणि कॅल्शियम नायट्रेट घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. माझा उघडा पुडा इंदूरच्या पावसाळ्यात चार दिवसांत पाझरून काकवीसारखा झाला.

एका संध्याकाळी ह्यांनी सहज टीडीएसचं यंत्र दोन्ही पाण्यांत बुडवलं. आरओ ४०, टाकी ६००. मग म्हणाले, "अगं, तू आधी पैसे देऊन पाण्यातला क्षार काढलास, आणि आता तोच पैसे देऊन बाटलीतून आणतेस?" यंत्र एकूण क्षार सांगतं, त्यात कॅल्शियम किती ते नाही. पण डाळ न शिजवणारं, पानावर चुना सोडणारं पाणी म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम आलंच की त्यात. माळव्याच्या काळ्या कातळातून वर येतं ते. मी काही बोलले नाही, कुकर लावायला गेले.

सप्टेंबरपासून एक भाग टाकीचं आणि तीन भाग आरओचं पाणी देते. यंत्रावर १८० दिसतं. ठिपके अगदी पुसट पडतात, ओल्या फडक्याने जातात, आणि नवी पानं अजून तरी हिरवी आहेत. ज्यांच्याकडे फक्त आरओ किंवा साठवलेलं पावसाचं पाणी आहे, त्यांनी बाटली जरूर घ्यावी, वजन करायचा कंटाळा नसेल तर पुडे घ्यावेत. बोअरिंगवाल्यांनी आधी नळाखाली कुंडी धरून बघावी. उरलेली बाटली मी वरच्या मजल्यावरच्या वहिनींना दिली. त्यांच्या गच्चीत टोमॅटो आहेत.