आयर्न मेडनचा 'पॉवरस्लेव्ह': वाद्यवृंदाशिवाय उभी राहिलेली भव्यता

हेवी मेटल गाणं भव्य वाटावं अशी इच्छा झाली की बरेच बँड आधी व्हायोलिनांचा ताफा आणि लॅटिन गाणारा कोरस शोधायला लागतात. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडच्या 'पॉवरस्लेव्ह'मध्ये यातलं काही नाही. दोन गिटार, एक बेस, ड्रम आणि एक आवाज, बस. तरी 3 सप्टेंबर 1984 ला आलेल्या या अल्बमचं शेवटचं गाणं, 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', साडेतेरा मिनिटांहून जास्त चालतं आणि शेवटपर्यंत मोठं होत जातं. आठ गाण्यांच्या या अल्बमची किंमत आमच्या लेखी मुख्यतः शेवटच्या दोन गाण्यांत आहे. भव्यता कशी बांधतात हे शिकायचं असेल, तर याहून स्वच्छ उदाहरण मिळणं कठीण.

'राइम'चा आधार इंग्रज कवी कोलरिजची 1798 ची कविता. खलाशी अल्बट्रॉस पक्षी मारतो, जहाजाला शाप लागतो, दोनशे माणसं एकामागून एक कोसळतात. पण थोर कवितेवर रचलेली सपाट गाणी पुष्कळ आहेत, तेव्हा श्रेय कथेला देऊन भागत नाही. गाणं लिहिणाऱ्या बेसवादक स्टीव्ह हॅरिसने केलेली खरी करामत अशी की या गाण्याला ध्रुवपदच नाही. एरवी कडवं संपलं की ध्रुवपद येतं आणि ऐकणारा घरी पोचतो. इथे तसं घर नाही. एक भाग संपतो, दुसरा सुरू होतो, किनारा मागे पडत जातो. सुरुवातीची रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल, पुन्हा भेटते ती थेट शेवटच्या टप्प्यात, आणि दहाएक मिनिटं तिच्यापासून दूर गेल्यामुळे तीच रिफ आता कितीतरी मोठी वाटते. सूर तेच, बदललेलं असतं ते आपण कापलेलं अंतर.

मधला भाग नीट ऐका. पाचव्या मिनिटाच्या आसपास सगळा भार उतरतो. बेसचे मोजके सूर, गिटारचे विरळ स्वर, जहाजाच्या लाकडाची करकर आणि कवितेच्या मूळ ओळींचं निवेदन. हे दोन-तीन मिनिटं चालतं, आणि मेटलमध्ये तो फार मोठा काळ आहे. मग बेस हळूहळू घट्ट होतो, गायक ब्रूस डिकिन्सन खालच्या पट्टीत गायला लागतो, आणि वरचा लांब सूर तो या चढाच्या टोकाला सोडतो. तो सूर आधीच्या कडव्यांत उधळला असता तर इथे त्याच्याकडे द्यायला काही उरलं नसतं. हौशी बँड नेमकं इथेच चुकतात: पहिल्या मिनिटात सगळ्यात उंच सूर, सगळ्यात जड रिफ, सगळ्यात वेगवान ड्रम. मग पुढची सात मिनिटं एकाच उंचीवर चालत राहतात आणि ऐकणाऱ्याला चढ जाणवतच नाही. शांत भाग छोटा ठेवणं ही दुसरी चूक. आठ-दहा सेकंदांची विश्रांती म्हणजे नुसता श्वास. तिने जागा तयार होत नाही.

आता स्वरांकडे. आपल्या कानाला सांगायचं तर या संगीताचा पाया तानपुऱ्यासारखा आहे. खालची मोकळी तार वाजत राहते आणि तिच्यावर जोडस्वर सरकतात. मेडनची आवडती चाल म्हणजे मूळ स्वर, कोमल धैवत, कोमल निषाद आणि पुन्हा मूळ स्वर. पेटीवर पांढरी एक (C) सा धरली आणि मूळ स्वर ग (E) घेतला, तर ही चाल ग, सा, रे, ग अशी दिसेल. डिस्टॉर्शनच्या, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या, आवाजाच्या गिटारवर हे जोडस्वर षड्ज-पंचमाचेच असतात, त्यांत गंधार नसतो. तो गंधार पुरवतात दोन गिटारांच्या जोडधुना. डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ एकच धून तिसऱ्या स्वराच्या अंतराने वाजवतात: एक ग वर असेल तर दुसरा त्याच सप्तकातल्या प वर, पहिला पुढच्या स्वरावर गेला की दुसराही पुढच्या स्वरावर. हे अंतर कधी तीन पडद्यांचं असतं, कधी चार पडद्यांचं. ते स्वरसप्तक ठरवतं. सतत चार पडदे पुढे वाजवत राहिलं तर दुसरी गिटार सप्तकाबाहेर जाते आणि भव्यतेऐवजी बेसूरपणा ऐकू येतो.

शीर्षकगीतात दुसरी युक्ती आहे. प्राचीन इजिप्तचा मरू घातलेला फॅरो बोलतो, आणि रिफमध्ये कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर उडी येते. भैरव ऐकलेल्या कानाला ही फट लगेच ओळखू येईल. लय मध्यावर उतरते, गिटार एकटी पडते, मग सोलो पुन्हा वेग धरतात. 'राइम'ची पूर्वतयारी म्हणून हे गाणं इतकं अचूक बसलंय की दोन्ही क्रमानेच ऐकायला हवीत. शफलवर ऐकून अर्धा परिणाम वाया जातो.

हॅरिस बोटांनी वाजवतो, प्रिसिजन बेसवर, गुळगुळीत गुंडाळीच्या तारांनी. अशा तारा एरवी मऊ वाजतात, पण त्याच्या जोरकस आघाताने बेसला धातूचा टणत्कार येतो आणि तो गिटारांच्या खाली दडत नाही, स्वतंत्र धून म्हणून चालतो. एक लांब आणि दोन आखूड ठोक्यांची त्याची दौड लांब गाण्याला पुढे रेटते. ड्रमर निको मॅकब्रेन हे सगळं एकाच पायाच्या पेडलवर वाजवतो. दोन पेडलांची सततची धडधड असती तर मधल्या जागा भरून गेल्या असत्या, आणि भव्यतेला त्या जागाच हव्या असतात. गिटारांचं डिस्टॉर्शनही आजच्या मानाने कमी आहे. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचं प्रमाण, फार वाढवला की जोडस्वरांतले सूर एकमेकांत मिसळतात आणि भिंत उभी राहण्याऐवजी धुकं होतं.

निर्माता मार्टिन बर्च. ध्वनिमुद्रण बहामातल्या नसाऊमध्ये, कंपास पॉइंट स्टुडिओत. याच बर्चने 1976 मध्ये रेनबो या बँडचा 'रायझिंग' हा अल्बम केला होता, ज्यातल्या 'स्टारगेझर'मध्ये म्युनिक फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद वाजतो. तरी ते गाणं उभं राहतं कोझी पॉवेलचे ड्रम, ती फिरती रिफ आणि गायक डिओचा आवाज यांवर. 'रायझिंग'च्या 2011 च्या विशेष आवृत्तीत 'स्टारगेझर'ची तालमीतली नोंद आहे, वाद्यवृंदाविना. ती ऐकली की भव्यता कुठून येते हे कळतं. वाद्यवृंद तिला सजवतो, पण बांधत नाही.

'पॉवरस्लेव्ह'मध्ये कच्चे दुवे आहेत. 'एसेस हाय' आणि 'टू मिनिट्स टू मिडनाइट' ही सुरुवातीची जोडी जबरदस्त आहे, पण त्यानंतरचं वाद्यगीत साधारण आहे. तलवारबाजीवरची दोन गाणी लागोपाठ आहेत, त्यात 'द ड्युएलिस्ट्स' गरजेपेक्षा लांबलंय. 'बॅक इन द व्हिलेज' चपळ आहे, लक्षात मात्र राहत नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रमातलं 'राइम' हवं असेल तर 1985 चा 'लाइव्ह आफ्टर डेथ' घ्या. लय थोडी चढी आहे, त्यामुळे जडपणा किंचित घटतो, पण शांत भागात हजारोंची गर्दी श्वास रोखून उभी असल्याचं जाणवतं. मेडनने 1 फेब्रुवारी 2008 ला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात, ज्या जागतिक दौऱ्याची सुरुवात केली त्याच्या यादीतही हे गाणं होतं. 'फ्लाइट 666' या लाइव्ह अल्बममधलं 'एसेस हाय' त्या मुंबईच्या रात्रीचं आहे.

कोणती प्रत घ्यावी? 1998 च्या रीमास्टर (मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने जुळवलेल्या) सीडीवर एकूण पातळी वर ओढलेली आहे, त्यामुळे शांत भाग आणि स्फोट यांतला फरक आटतो, आणि 'राइम'चा जीव नेमका त्या फरकात आहे. 2015 चं रीमास्टर त्यापेक्षा मोकळं वाटतं. जुनी ऐंशीच्या दशकातली सीडी चांगल्या अवस्थेत मिळाली तर सोडू नका, आवाज कमी वाटला तर ॲम्प्लिफायर वाढवा. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका: बेसची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झची, ती तिथे पोचतच नाही, आणि मधला सगळा भाग पोकळ होतो.

रेकॉर्डवर दुसरी बाजू सव्वीसेक मिनिटांची आहे. इतकी लांब बाजू कापताना खोबण्या जवळजवळ आणि उथळ घ्याव्या लागतात, म्हणून आवाज आणि बेस दोन्ही कमी होतात. त्यात 'राइम' सगळ्यात शेवटी, म्हणजे तबकडीच्या सर्वांत आतल्या वर्तुळांवर, जिथे सुईखालून खोबणी सर्वांत हळू सरकते आणि वरचे सूर खरखरतात. परतीची रिफ नेमकी तिथे वाजते. सुई चांगल्या घडणीची, बारीक टोकाची असावी, तिचा कोन ती बसवताना आतल्या वर्तुळांवर तपासून घ्यावा, आणि वापरलेली प्रत घेत असाल तर दुकानात दुसऱ्या बाजूची शेवटची तीन मिनिटं वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.